खत थांबवा, कट्टा काढा

प्रश्न : आमच्या अंगणात 14 वर्षांचं कलमी आंब्याचं झाड आहे, सासऱ्यांनी लावलेलं. तीन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक घातले, तेव्हाच झाडाभोवती गोल कट्टा बांधून त्यात चांगली माती भरली. गेल्या वर्षी कधी नव्हे एवढा मोहोर आला, पण फळं बारीक असतानाच सगळी गळाली. यंदा शेंड्याकडच्या फांद्या वाळतायत. पानं लहान आणि पिवळट, नव्या पानांच्या फक्त शिरा हिरव्या. खोडावर एका ठिकाणी डिंक आणि भुसा दिसतो. शेणखत, युरिया, दोनदा फवारणी, सगळं करून झालं. रोज दोन बादल्या पाणी घालते. वाळलेल्या फांद्या कापून तिथे डांबर लावलं. शेजारी म्हणतात झाड गेलं, पाडून टाका. यजमान म्हणतात आणखी एक फवारणी करून बघू. झाड वाचेल का? आणि कट्ट्यात मी झेंडूची रोपं लावली आहेत, ती राहू देऊ का?

उत्तर :

पाडूही नका, फवारूही नका. निदान एवढ्यात तरी.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेलात. तीन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक घातले आणि कट्टा बांधून माती भरली, ते वाक्य. अंगणातलं झाड खंगायला लागलं की आपण पानांकडे बघतो आणि गेल्या महिन्यात काय झालं ते आठवत बसतो. मोठं झाड मात्र इतक्या लवकर तक्रार करत नाही. खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर ते बरेच दिवस ढकलत राहतं. आज शेंडा वाळलेला दिसतो त्याचं कारण बहुतेक वेळा दोन, तीन, कधी पाच वर्षांमागे सापडतं. तेव्हा बांधकाम झालेलं असतं, पाइपसाठी चर खणलेला असतो, भराव टाकलेला असतो, नाहीतर फरशी बसवलेली असते. अंगणातल्या झाडांच्या मरणात किडीपेक्षा गवंड्याचा हात जास्त असतो, असं माझं मत आहे.

माझ्या या अंदाजाची खातरजमा तुम्ही स्वतः करू शकता. आंबा वर्षभर सलग वाढत नाही, त्याला टप्प्याटप्प्याने पालवी फुटते. प्रत्येक पालवीच्या टोकाला पानं दाटीने येतात आणि ती गळून गेल्यावर फांदीवर जवळजवळ असलेल्या खुणांचं एक कडं मागे उरतं. एखादी जिवंत फांदी हाताशी घ्या आणि टोकाकडून मागे येत अशा दोन कड्यांमधलं अंतर मोजत जा. मागची अंतरं लांब आणि अलीकडची आखूड असतील, तर झाड कधीपासून आक्रसलं ते फांदीच सांगेल. पाच-सहा फांद्यांवर साधारण एकाच ठिकाणी फरक दिसला तर शंकेला जागा उरत नाही.

आता बुंध्याकडे या. कुठलंही झाड जमिनीत शिरताना तळाशी फाकतं. खोड रुंद होत जातं आणि मुख्य मुळांची सुरुवात मातीच्या वर थोडी उघडी दिसते. तुमच्या झाडाचं खोड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं असणार, कारण खोडाचा तो पसरट भाग कट्ट्यातल्या मातीखाली गेला आहे. कलमाचा सांधाही बहुधा गाडला गेलाय. खोडाची साल आणि मुळाची साल यांच्यात फरक असतो. मुळाची साल ओल्या मातीत राहायला घडलेली असते, खोडाची नाही. खोडाला बारा महिने ओली माती टेकून राहिली की साल मऊ पडते, कुजते, बुरशीला वाट मिळते. या सालीतूनच पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत जातं. म्हणजे साल बिघडली की मुळं उपाशी राहतात. मग ती पाणी कमी ओढतात आणि त्याचा पहिला फटका सगळ्यात लांबच्या शेंड्याला बसतो.

वरून पेव्हर ब्लॉक. ते घालताना खालची जमीन यंत्राने ठोकून घट्ट करतात, वर मुरूम आणि कच टाकतात. ब्लॉकच्या फटींतून थोडंफार पाणी झिरपतं, पण ठोकलेल्या जमिनीतली हवेची जागा गेलेली असते. झाडाची मुळं खोल पाताळात असतात हा समज खोटा आहे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बरीच पलीकडे पसरलेली असतात. त्यांना पाणी लागतं तेवढाच प्राणवायू लागतो. ज्याला शेतकरी वाफसा म्हणतो, ती ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती तुमच्या अंगणाखाली तीन वर्षं आलेलीच नाही.

गेल्या वर्षीच्या मोहोराने तुम्हाला आनंद झाला असेल. मला तो वाचून काळजी वाटली. खोडाची साल एका ठिकाणी आवळली गेली की वर तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही, वरच साठतं आणि झाड फुलतं. काही बागायतदार फांदीची साल मुद्दाम गोल कापून मोहोर आणतात, त्यामागे हीच गोष्ट असते. एरवी आंबा एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष कमी असा चालतो, आणि निरोगी झाडसुद्धा बहुतेक बारीक फळं टाकून देतं, हे खरं. पण कधी नव्हे एवढा मोहोर, मग एकही फळ न टिकणं, आणि पाठोपाठ शेंडे वाळणं, ही साखळी तब्येत सुधारल्याची नाही.

फवारण्या कशासाठी केल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही. करप्याचे काळे ठिपके, भुरीची पांढरी बुकटी किंवा मोहोरावर तुडतुडे असं काही तुमच्या वर्णनात नाही. न झालेल्या रोगावर औषध मारल्याने झाडाला काही मिळत नाही, आणि कीड खाणारे मित्रकीटक मात्र मरतात. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे लोह किंवा जस्त कमी पडल्याचं लक्षण. (नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं सरसकट पिवळी पडली असती. युरियाचा उपयोग झाला नाही तो म्हणूनच.) कमी पडतंय म्हणजे मातीत नाहीच, असं समजू नका. सिमेंटचा चुरा आणि चुनखडीचा कच मातीत मिसळला की तिचा सामू (आम्ल-अल्कलीपणाचं माप, pH) चढतो आणि मातीतलं लोह असूनही मुळांच्या हाती लागत नाही. गुदमरलेली मुळं तर असलेलंही उचलू शकत नाहीत. सूक्ष्म अन्नद्रव्यांची एखादी फवारणी पानांना तात्पुरता रंग देईल, दुखणं आहे तिथेच राहील.

खोडावरच्या भुशाकडे मात्र दुर्लक्ष नको. खोडकिडा अशक्त झाड बरोबर हेरतो, आणि एकदा आत शिरला की धडधाकट झाडालाही पोखरून जेरीस आणतो. आधी तो भुसा आणि डिंक ब्रशने साफ करा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. नवा भुसा पडला असेल तर अळी आत जिवंत आहे. छिद्र शोधून त्यात लवचिक तार फिरवत आत घाला, अळी टोचली जाईपर्यंत, मग छिद्र ओल्या चिकणमातीने बुजवा. भुशाऐवजी सालीवर विष्ठा आणि रेशमी धाग्यांची जाळीदार पट्टी दिसली तर ती साल खाणारी अळी. जाळी खरवडून काढली की तिचं भोक सापडतं, पुढचा उपाय तोच. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर घाबरून जाऊ नका, ती बहुतेक मेलेल्या सालीवरच चढते. आणि वर बघितलंच आहे तर फांद्यांवर कुठे बांडगूळ आहे का तेही पाहून घ्या. असेल तर त्याच्या खाली हातभर फांदीसकट कापा, नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं.

आता कामाला लागायचं. कडक उन्हाचे दिवस सोडून ढगाळ, सौम्य हवेचे दिवस निवडा. कट्टा फोडा आणि आतली माती काढा. बुंध्याजवळ कुदळ अजिबात नको. खुरप्याने, हाताने, शेवटी पाण्याची हलकी धार सोडून माती बाजूला करा, म्हणजे साल सोलली जाणार नाही. मूळ फाकायला लागतं ती जागा आणि पहिली जाड मुळं वरून दिसली की थांबा, त्याखाली खणू नका. भरलेल्या मातीत खोडातून बारीक नवी मुळं फुटलेली असतील, ती स्वच्छ कापली तरी चालेल. एखादं मूळ खोडाला वळसा घालून आवळत असेल आणि करंगळीपेक्षा बारीक असेल तर तेही कापा. मनगटाएवढं जाड मूळ खोडात रुतलेलं दिसलं तर हात लावू नका, झाडांचा जाणकार बोलवा. असं मूळ एकदम कापलं तर झाडाचा निम्मा आधार जाऊ शकतो.

साल उघडी पडली की नखाने किंवा चाकूच्या टोकाने दोन-चार जागी हलकं खरवडा. आतून हिरवट किंवा पांढुरकी ओलसर दिसली तर जिवंत. तपकिरी, मऊ, आंबूस वासाची असेल तर ती जागा मेली. मेलेली साल सुटी होत असेल तेवढीच काढा आणि जिवंत कडा दिसली की थांबा. मग बुंधा तसाच उघडा राहू द्या, वारा लागू द्या. कोरडा झाल्यावर बोर्डो पेस्ट लावायची तर लावा. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी हे त्याचं प्रमाण. तुम्हाला याचा दहावा भागही पुरेल. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा, लोखंडी बादली वापरू नका.

पेव्हर ब्लॉक जितके उचलता येतील तितके उचला. खोडापासून चारी बाजूंना निदान दीड-दोन मीटर तरी जमीन मोकळी हवी, जास्त झाली तर उत्तमच. यावर घरात वाद होईल याची मला कल्पना आहे, नुकताच खर्च केलेला असतो. पण हे केलं नाही तर बाकीचं सगळं करून उपयोग फार थोडा. खालचा मुरूम आणि कच हलक्या हाताने खरवडून काढा, मात्र जमीन नांगरल्यासारखी उकरू नका, बारीक मुळं तिथेच आहेत. घट्ट जमिनीत पहारीने हात-दीड हातावर एकेक भोक पाडून त्यात कुजलेलं कंपोस्ट भरण्याची रीत आहे. जाड मूळ लागलं तर जागा बदला. तिचा फायदा होतो, पण मला त्यापेक्षा आच्छादनावर जास्त भरवसा आहे. मोकळ्या केलेल्या सगळ्या जागेवर वाळला पालापाचोळा, बारीक केलेल्या फांद्या, जे मिळेल ते 7 ते 10 सेंटीमीटर जाड पसरा. बुंध्याभोवती वीतभर जागा कोरी सोडा. पाला खोडाला टेकवून ढीग घातलात तर कट्ट्याने जे केलं तेच पुन्हा होईल. पाला खाली कुजत जातो, गांडुळं येतात, आणि ठोकलेली जमीन दोन-तीन वर्षांत आपोआप पोकळ व्हायला लागते.

पाण्याचं गणित तर पूर्ण उलटं करायला हवं. रोजच्या दोन बादल्या बुंध्याशी पडतात. त्याने साल सतत ओली राहते आणि लांबची शोषक मुळं कोरडीच. ढोबळ हिशेब असा की खोडाच्या दर इंच व्यासाला एका वेळी सुमारे 40 लिटर पाणी लागतं. तुमचं खोड 8-10 इंचांचं धरलं तर 300 ते 400 लिटर, तेही बारीक धारेने, फांद्यांच्या टोकांखालच्या पट्ट्यात, तास-दोन तास पाइप सरकवत. मग थांबायचं. वरची तीन-चार बोटं माती सुकेपर्यंत पुन्हा पाणी नाही. वाळूसारख्या जमिनीत आठवड्याने, भारी जमिनीत पंधरा दिवसांनी वेळ येईल, पाऊस असेल तर येणारही नाही. वेळापत्रकापेक्षा खुरपं खुपसून पाहिलेली ओल खरी.

हे सुरू करण्याआधी निचरा एकदा तपासा. मोकळ्या केलेल्या जागेत जाड मुळं टाळून फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. तासाला दोन-चार सेंटीमीटर उतरलं तर ठीक. एक सेंटीमीटरही उतरत नसेल, किंवा खड्ड्यातल्या मातीला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तुमचं झाड तहानलेलं नसून बुडालेलं आहे. तेव्हा वर सांगितलेलं पाणी देऊ नका. आधी अंगणाचं आणि छपराचं पाणी झाडाकडे येत असेल तर त्याला दुसरीकडे वाट करून द्या.

खत पूर्ण बंद. शेणखतही वर्षभर नको, पालापाचोळ्यातून मिळेल तेवढं बस झालं. युरियाने कोवळी पालवी फुटेल, तिला पाणी पुरवायला मुळं नाहीत. शिवाय रासायनिक खताचे क्षार साठले तर अर्धमेली बारीक मुळं आणखी करपतात. बुंध्याशी युरिया टाकला असेल तर पहिलं एक मोठं पाणी तो धुऊन खाली नेण्यासाठीच द्या, निचरा नीट असेल तरच. यंदा पुन्हा मोहोर आलाच तर तो लहान असताना खुडून टाका. जीवावर येईल, पण फळं पोसायची ताकद या झाडात सध्या नाही.

छाटणी फक्त मेलेल्या लाकडाची. वाळलेली वाटणारी फांदी आधी नखाने खरवडून बघा, पानं नसलेली प्रत्येक फांदी मेलेली नसते. हिरवी साल निघाली तर सोडून द्या. जिवंत पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, आजारपणात ते बंद करायचं नाही. जाड फांदी तीन घावांत काढा. आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून काप घेऊन वजन उतरवा, शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर कापा. ते कडं कापू नका आणि त्यापुढे लांब खुंटही ठेवू नका. जखम मिटवणारी ऊती त्या कड्यातच असते.

डांबराबद्दल : पुन्हा लावू नका, लावलेलं खरवडतही बसू नका. ॲलेक्स शायगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि 1970च्या दशकात मांडलं की झाड जखम भरून काढत नाही. कुजलेल्या भागाभोवती ते आतून भिंती उभ्या करतं आणि त्याला वेगळं पाडून पुढे वाढतं. बाहेरून लेप दिल्याने ती कूज थांबत नाही, उलट लेपाखाली ओल कोंडते. पावसाळी हवेत कापलेल्या जागी बोर्डो पेस्टचा पातळ हात द्यायला माझी हरकत नाही, ते बुरशीनाशक आहे.

वाचेल का, याचं उत्तर कट्टा काढल्यावरच मिळेल. बुंध्याच्या घेरात निम्म्याहून जास्त साल जिवंत असेल आणि निम्म्याहून जास्त फांद्या हिरव्या असतील, तर मी झाडाच्या बाजूने पैज लावेन. उलट असेल तर खर्च आणि कष्ट वाया जाण्याची शक्यता जास्त. आणि एक गोष्ट अशी की ती दिसली तर वाचवण्याचा विचार बाजूला ठेवायचा. बुंध्याला किंवा मुळांवर कठीण, कपाटासारखी बुरशीची छत्री फुटलेली असेल, खोड नव्याने कललं असेल, एका बाजूची माती उचलली गेली असेल, किंवा खोडाला उभी खोल चीर असेल, तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. असं झाड हिरवंगार असतानाही कोसळतं. तेव्हा त्याखाली मुलांना खेळू देऊ नका आणि जाणकाराला लगेच दाखवा.

यातलं काही नसेल तर सबुरी धरा. पहिल्या वर्षी आणखी दोन-चार डहाळ्या वाळतील, त्याने खचून जाऊन यजमानांना फवारणीचा पंप काढू देऊ नका. वर सांगितलेली कड्यांमधली अंतरं एका वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या वर्षीची पालवी त्याहून लांब आली, पानं मोठी झाली, की समजा गाडी वळणावर आली. पहिलं फळ कदाचित त्यानंतरच्या वर्षी धरता येईल.

झेंडू कुंडीत हलवा. त्याला लागणारं रोजचं पाणी आंब्याच्या बुंध्याला मारक आहे, आणि दर हंगामाला रोपं उपटताना-लावताना वरची बारीक मुळं तुटतात. कट्टा जाणारच आहे, तेव्हा तुम्हाला बसायला जागा हवी असेल तर सुटा बाक ठेवा, पाय जमिनीत न गाडता.